हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना लागला की आमच्या बँकेच्या शाखेत माणसे आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायला येतात. एरवी अकरा महिने ती जिवंत आहेत यावर सरकारचा आणि बँकेचा विश्वास असतो. नोव्हेंबरात तो डळमळतो. मग पेन्शनर मंडळी मफलर गुंडाळून, एका हातात पासबुक आणि दुसऱ्या हातात नातू धरून काउंटरपुढे रांग लावतात. या प्रकाराला 'हयातीचा दाखला' म्हणतात. गेल्या वर्षी तुम्ही जिवंत होता या भांडवलावर यंदा पेन्शन मिळत नाही. यंदा नव्याने जिवंत असावे लागते.

प्रस्तुत लेखक बी. कॉम. आहे आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो. जिवंत माणूस ओळखण्याचे शिक्षण वाणिज्य शाखेत देत नाहीत. पण पूर्वी हे काम सोपे होते. माणूस समोर बसला, "कसे आहात?" असे विचारले, आणि त्याने गुडघ्यापासून सुरुवात करून सुनेपर्यंत सगळ्या तक्रारी सांगितल्या, की तो हयात असल्याबद्दल शंका उरत नसे. मी सही ठोकत असे. आता अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आले आहे. यंत्राला गुडघे आणि सुना यांतले काही कळत नाही, त्याला रेषा लागतात. आणि ज्यांनी उभा जन्म बांध्यांत रोवणी केली, विड्या वळल्या, पितळेची भांडी ठोकली, त्यांच्या अंगठ्यावर रेषा कुठून उरणार? यंत्र लाल दिवा लावते आणि समोर चालती-बोलती म्हातारी विचारते, "मेली असती तर लायनीत उभी राहिली असती का बाप्पा?" या प्रश्नाला बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात उत्तर नाही.

या रांगेत दर वर्षी दोन म्हातारे जोडीने यायचे. दोघेही नौदलातले, आणि तिथेही दवाखान्याकडचे: मेडिकल असिस्टंट. आमच्याकडे इंजेक्शनची सुई जवळून पाहिलेल्या माणसालाही 'डाक्टर' म्हणतात, त्यामुळे गावात दोघेही डाक्टर. पण एका गावात दोन डाक्टर आले की गोंधळ होतो, म्हणून मी त्यांची खाती मनातल्या मनात वेगळी केली होती. एकजण १९७१ साली 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर होते, ते विक्रांतकाका. दुसरे त्या वेळी मुंबईत कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात होते, ते अश्विनीकाका.

भंडारा आणि नौदल यांचा संबंध काय, असे एखादा कोकणातला वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. मुंबईचा समुद्र आमच्यापासून नऊएकशे किलोमीटर. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात खरे, पण त्या तलावांत चालतो तो डोंगा. डोंगा म्हणजे झाडाचे खोड पोखरून केलेली होडी, आणि तिच्यावरून विमान उडवण्याचा प्रयत्न अद्याप कुणी केलेला नाही. पण विक्रांतकाकांपाशी या प्रश्नाचे उत्तर तयार होते. "बाबू," ते म्हणायचे, "आपली वैनगंगा खाली वर्धेला भेटते, तिची प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीत जाते. गोदावरी कुठं जाते? बंगालच्या उपसागरात. अन् एकाहत्तरची आमची लढाई कुठं झाली? तिथंच. म्हणजे आपलं पानी माझ्या आधी तिथं पोहोचलं होतं. मी चव घेऊन पाहिली."

"कशी होती?"

"खारट. माहेरचं पानी सासरी गेलं की खारट होतेच."

यावर अश्विनीकाका नुसते हसायचे. विक्रांतकाकांचा त्यांच्यावर एकच आरोप असे : "हा वीस वर्षं नेव्हीत होता, पन याचं जहाज एक इंच हललं नाही." आणि गंमत अशी की कागदोपत्री अश्विनी हे जहाजच आहे! रुग्णालयाच्या नावामागे जी चार अक्षरे लागतात त्यांचा अर्थ 'भारतीय नौदलाचे रुग्णालय-जहाज' असा होतो. जमिनीवरचे ठाणेसुद्धा जहाजच मानायचे ही नौदलाची रीत. फाटकाबाहेर पडून रिक्षात बसले तरी म्हणायचे, किनाऱ्यावर गेलो. मला ही रीत फार आवडली. आमच्या शाखेला जहाज मानले तर मीही वीस वर्षे समुद्रावर आहे, आणि बोट लागण्याची सगळी लक्षणे मला मार्चअखेरीस होतात.

शिवाय नौदलाच्या रुग्णालयांची नावे पाहा. मुंबईची अश्विनी, विशाखापट्टणमची कल्याणी, कोचीची संजीवनी. अश्विनी हे नाव देवांचे वैद्य अश्विनीकुमार यांच्यावरून आले आहे, पण ही गोष्ट त्या काळी भंडाऱ्यात सर्वांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नवे लग्न झालेल्या अश्विनीकाकांनी बायकोला पत्र लिहिले, "सध्या अश्विनीत सुखात आहे, पुढच्या वर्षी कल्याणीकडे पाठवतील असे वाटते." पत्र सासऱ्यांनी वाचून दाखवले. तिसऱ्या दिवशी सासरे, मेहुणा आणि गावातले एक वजनदार गृहस्थ भंडारा रोड स्टेशनावरून मुंबईला निघाले. ते थेट कुलाब्याच्या फाटकापर्यंत पोहोचले, पाटी वाचली, आणि आलोच आहोत तर म्हणून गृहस्थांनी आपला हर्निया दाखवण्याचा आग्रह धरला.

विक्रांतकाकांच्या घरी निराळाच घोटाळा झाला. जहाजावरच्या दवाखान्याला 'सिक बे' म्हणतात. आमच्या भागात 'बे' या अक्षराशिवाय पुरुषांचे संभाषण पुढे सरकत नाही : "काय बे, कुठं चालला बे?" काकांनी वडिलांना कळवले, "मी हल्ली दिवसभर सिक बे मध्ये असतो." वडिलांनी ते 'शीक बे' असे वाचले. आपला पोरगा शाळेत असताना ज्या दोन शब्दांना कंटाळून पळाला, तेच दोन शब्द सरकार त्याला दिवसभर ऐकवते आहे, याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी गावात पेढे वाटले.

खरे तर काका तिथे शिकलेच. आणि काही बाबतींत भंडाऱ्याने नौदलाला शिकवले. आमचे गाव पितळेच्या भांड्यांचे. जहाजावर पितळ चकचकीत ठेवण्याचा भारी सोस. एकदा वरिष्ठ तपासणीला येणार म्हणून सगळे डब्यातले पॉलिश लावून घासत बसले होते. काकांनी भटारखान्यातून चिंच आणि मीठ मागून आणले आणि आईने घागर घासावी तसे सिक बेचे पितळ घासले. ते असे झळकले की साहेबांनी खूश होऊन शाबासकी दिली आणि पुढचे दोन महिने इतर विभागांचे पितळही काकांकडेच सोपवले. चांगल्या कामाचे बक्षीस म्हणून आणखी काम देण्याची ही पद्धत बँकेनेच शोधली असा माझा समज होता.

अश्विनीकाका वाचणारे होते. ते लिंबाची गोष्ट सांगत. पूर्वी लांबच्या सफरीवर खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उघडत आणि माणसे पटापट मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली इंग्रजांच्या 'सॅलिसबरी' जहाजावर जेम्स लिंड नावाच्या शल्यवैद्याने बारा रोगी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचे पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. संत्री-लिंबूवाले आठवड्याच्या आत उठून बसले. पण इंग्रजी नौदलाने सर्व जहाजांना लिंबाचा रस द्यायचे ठरवले ते १७९५ साली. मधली अठ्ठेचाळीस वर्षे लिंबू फाइलीत होते. हे ऐकल्यावर आमच्या मुख्य कार्यालयाविषयीचा माझा राग बराच निवळला. "अन् बाबू," अश्विनीकाका म्हणायचे, "तेव्हा नागपूर-भंडाऱ्याची संत्री असती तर चार दिवसांतच उठले असते."

या दोघांची आणि माझी खरी ओळख झाली ती २०१४ च्या नोव्हेंबरात. मी नुकताच या शाखेत बदलून आलो होतो. दोघांचे दाखले झाले, मी शिक्के मारले, तरी विक्रांतकाका उठेनात. त्यांच्या हातात घडी घातलेला पेपर होता. मुंबईत दारूखान्याला 'विक्रांत' तोडायला सुरुवात झाल्याची बातमी होती. त्यांनी पेपर काचेखालून माझ्याकडे सरकवला, धनादेश सरकवावा तसा.

"बाबू, मानसाचा हयातीचा दाखला तुम्ही घेता. जहाजाचा कोन घेते?"

मी खुर्चीवरून त्यांच्याकडे पाहत राहिलो. मागे रांग वाढत होती.

त्या रात्री मी घरी बसून विक्रांतचा इतिहास वाचला. मी पडलो हिशेबाचा माणूस. मला तो इतिहास एखाद्या खातेउताऱ्यासारखा दिसू लागला. खाते उघडले १९४३ साली, इंग्लंडात टाइन नदीच्या काठी. मूळ नाव 'हर्क्युलिस'. महायुद्धासाठी बांधायला घेतले आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी पाण्यात लोटले, तोवर युद्ध संपून जेमतेम तीन आठवडे झाले होते. लग्न लागून वऱ्हाड परतावे आणि मग बँडवाले यावेत तसा प्रकार. पुढच्या वर्षी काम थांबले आणि अर्धवट जहाज दहा वर्षे पडून राहिले. आमच्या भाषेत निष्क्रिय खाते. १९५७ साली भारताने ते विकत घेतले, बेलफास्टला पुरे करून घेतले, आणि ४ मार्च १९६१ रोजी ब्रिटनमधल्या आपल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते 'विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झाले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी ते मुंबईत आले. नोव्हेंबरच होता, ध्यानात घ्या.

हयातीचा पहिला प्रश्न १९६५ च्या युद्धात आला. विक्रांत बुडवले, असे पाकिस्तानने जाहीर करून टाकले. वास्तविक त्या वेळी ते गोदीत दुरुस्तीसाठी खुशाल उभे होते. आमच्याकडेही एका गुरुजींना पेन्शन खात्याने असेच दोन वर्षे आधी मृत ठरवले होते. फरक इतकाच, की विक्रांतला अर्ज करावा लागला नाही. दुसरा प्रश्न १९७१ साली. विक्रांत पूर्वेकडे होते आणि त्याला बुडवण्यासाठी 'गाझी' ही पाणबुडी पाकिस्तानने बंगालच्या उपसागरात पाठवली होती. विक्रांत विशाखापट्टणमलाच आहे असा देखावा आपल्या नौदलाने केला; प्रत्यक्षात ते अंदमानकडे होते. ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ गाझीच बुडाली, आणि ४ डिसेंबरला विक्रांतची विमाने कॉक्स बाजार आणि चितगाववर जाऊन आदळली.

हे सगळे विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला असताना. "हार्टच्या पेशंटला पळायच्या शर्यतीत उतरवल्यासारखं," विक्रांतकाका म्हणायचे. त्यांनी स्वतः लढाई पाहिली नाही. ते खालच्या मजल्यावर सिक बेमध्ये, औषधांच्या बाटल्यांपाशी. विक्रांतवर वाफेच्या जोरावर विमान भिरकावून देणारे यंत्र होते. गोफणीतून दगड सुटावा तसे विमान सुटे. ते सुटले की खाली फडताळातल्या बाटल्या किणकिणत. विमान परत उतरले की निराळा, जड आवाज. काका जाणारे आवाज मोजत आणि मग येणारे. "वर काय चाललं ते मले दिसत नव्हतं. मी फक्त मोजत होतो. गेले तेवढे आले की मंग मी पानी प्यायचो." मी त्यांना सांगितले, काका, आम्ही रोज संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत हेच करतो. पण सांगतानाच मला लाज वाटली. आमचे काही जुळले नाही तर फार तर घरी जायला उशीर होतो.

अश्विनीकाका त्या डिसेंबराबद्दल कमी बोलायचे. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. खुकरीवर काकांच्या ओळखीचा एकजण होता. "आम्ही जास्तीच्या खाटा अंथरून ठेवल्या होत्या," ते एकदा म्हणाले. "चादरी ताणून, उशा ठेवून. सकाळी पाहिलं तर कित्येक खाटांवर सुरकुतीसुद्धा नाही. दवाखान्यात रिकामी खाट पाहून बरं वाटायला पाहिजे ना बाबू?" आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला.

तर अशा विक्रांतची निवृत्ती झाली ३१ जानेवारी १९९७ रोजी. छत्तीस वर्षे नोकरी. आमच्याकडे इतक्या नोकरीनंतर शाल आणि नारळ देतात. विक्रांतचे संग्रहालय करायचे ठरले. २००१ पासून लोक, शाळेची मुले येऊन पाहू लागली. २०१२ साली ते धोकादायक ठरवून दारे बंद झाली. कोर्टकचेऱ्या झाल्या, जनहित याचिका उच्च न्यायालयात फेटाळली गेली, सर्वोच्च न्यायालयातही फेटाळली गेली. लिलावात सुमारे ६० कोटींना विकलेले जहाज शेवटी दारूखान्याच्या किनाऱ्याला लागले.

या विषयावर दोन काकांचे जे भांडण झाले ते आमच्या शाखेच्या बाकावर तीन नोव्हेंबर चालले. विक्रांतकाका म्हणत, जपायला पाहिजे होते. अश्विनीकाका म्हणत, "कायले? तळ कुजला होता. सतरा वर्षं खाऱ्या पान्यात उभं होतं. वर शाळेचे पोरं चढवले अन् तळ फाटला तर? पेशंट वाचत नसेल तर नळ्या लावून ठेवू नये गा."

"मंग सतरा वर्षं औषध काहून दिलं नाही?"

यावर अश्विनीकाका गप्प बसत. मला दोघांचेही पटे, आणि ज्याला दोघांचेही पटते त्याला बँकेत कारकून म्हणूनच ठेवतात.

पण हिशेब मांडून पाहिला तेव्हा एक नोंद सापडली आणि मी चकित झालो. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी इंग्रजांसाठी 'त्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली. सागवानी. ती आजही आहे! इंग्लंडात हार्टलपूलला १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे तिची डागडुजी केली आणि आता लोक तिकीट काढून पाहतात. म्हणजे मुंबईत बांधलेले जहाज इंग्लंडने जपले आणि इंग्लंडात बांधलेले जहाज मुंबईने मोडीत काढले. जमा बाजू आणि नावे बाजू इतकी नेमकी समोरासमोर मी कुठल्याच ताळेबंदात पाहिली नव्हती.

विक्रांतनंतर 'विराट'चेही तेच झाले. तेही मूळचे इंग्रजांचे, १९८७ साली आपल्याकडे आलेले. २०१७ मध्ये निवृत्त झाले. सिंधुदुर्गात निवतीजवळ त्याचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०१८ साली मान्यता दिली, आणि २०२० साली विराट गुजरातेत अलंगला भंगारात गेले. किंमत साडेअडतीस कोटी.

वाचली ती कोणती, हेही मी पाहिले. विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिला पाण्याबाहेर काढून वाळूवर ठेवली. लोक आत शिरून पाहतात. कारवारला 'चपळ' नावाची क्षेपणास्त्र नौका अशीच किनाऱ्यावर आहे. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ 'टी-८०' ही छोटी गस्तीनौका आणली. इंग्लंडात नेल्सनचे 'व्हिक्टरी' १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. जपानचे 'मिकासा' जमिनीत पक्के बसवलेले आहे. या सर्वांचे सार एकच : लोखंडाचे असो की लाकडाचे, जहाज जपायचे तर त्याला आधी खाऱ्या पाण्यातून बाहेर काढावे लागते. मी हा सिद्धांत दोघा काकांपुढे मांडला. विक्रांतकाका क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "म्हंजे जहाज ठेवायला भंडाऱ्याइतकी चांगली जागा नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. त्यात काही खरे आहे हे मला पुढे कळले.

२०१६ साली बजाज कंपनीने 'व्ही' नावाची मोटरसायकल काढली. विक्रांतचे पोलाद वितळवून तिच्यात वापरले आहे अशी जाहिरात होती. त्यावर बोलायला आम्हां भंडारेकरांना संकोच वाटायला नको. आमच्या घरी आजीची पितळी घागर होती. आईने ती मोडीत घालून स्टीलचे पिंप आणले आणि आजी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पिंपातलेच पाणी प्याली. तर आमच्या शिपायाच्या मुलाने ती मोटरसायकल घेतली आणि पेढ्यांसह बँकेच्या दारात आणून उभी केली. नोव्हेंबरच होता. विक्रांतकाका पायऱ्या उतरून गेले. त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, मग उजव्या हाताची उलटी बाजू टाकीवर ठेवली. लहान मुलाचा ताप पाहतात ना, तशी. थोडा वेळ ठेवली.

"कसा आहे?" अश्विनीकाकांनी विचारले.

"गरम आहे," विक्रांतकाका म्हणाले. "उन्हात उभी आहे ना."

त्यानंतर जहाज जपण्यावरून दोघे कधी भांडले नाहीत.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरात घराघरांत पाणी शिरले. विक्रांतकाकांची लोखंडी पेटी पाण्याखाली गेली. त्यातले फोटो, पत्रे, नोकरीचे कागद यांचा एक लगदा झाला. चेहऱ्यावर मुखपट्टी बांधून ते बँकेत आले आणि म्हणाले, "बाबू, समुद्रावर इतकी वर्षं होतो, एक कागद भिजला नाही. घरी बसून सगळं भिजलं."

मग मी एक काम केले. बाजारातून हिशेबाची एक जाड कोरी वही आणली. (स्वतःच्या पैशांनी आणली. हे तपासनिसांसाठी लिहितो आहे.) दर रविवारी दोघे माझ्याकडे येऊ लागले. आमच्या हिने चहाचे पातेले मोठे घेतले आणि मी लिहून घेऊ लागलो : तारीख, जहाज, आजार, औषध, माणूस. बोट लागलेल्याला काय खायला द्यायचे, वाफेने भाजलेला हात कसा बांधायचा, किती खाटा, किती आवाज. पत्रातली कल्याणी आणि वडिलांचे पेढेही लिहिले. दोघांची तारखांवरून भांडणे होत आणि मी दोन्ही तारखा लिहून समोर प्रश्नचिन्ह काढी. वहीची शंभर पाने भरली.

या काळात बाहेर बरेच झाले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत बांधलेले नवे जहाज नौदलात दाखल झाले आणि त्याचे नाव 'विक्रांत'च ठेवले. आजोबांचे नाव नातवाला ठेवतात तसे. २०२५ साली 'गुलदार' हे निवृत्त जहाज निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्यासाठी महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाला मिळाले. त्यावर अश्विनीकाकांचे मत मला हवे होते. माझ्या सिद्धांताच्या अगदी उलट, जपण्यासाठी जहाज मुद्दाम बुडवायचे! पण ते राहून गेले. पावसाळ्यात त्यांची तब्येत बिघडली आणि ते परत उठले नाहीत.

त्या नोव्हेंबरात विक्रांतकाका एकटे आले. रांगेत एका म्हातारीचा ठसा उमटत नव्हता. काकांनी खिशातून ग्लिसरिनची बाटली काढली, तिचा अंगठा पुसला, दोन्ही तळहातांत धरून ऊब दिली आणि म्हणाले, "आता दाबा, माय." हिरवा दिवा लागला. मग रांगेतले आणखी तिघे अंगठा पुढे करून उभे राहिले. आमच्या शाखेत सिक बे उघडला आणि मॅनेजरसाहेबांनी स्वतःची खुर्ची काकांना दिली.

सगळ्यांचे झाल्यावर काकांनी स्वतःचा अंगठा लावला. हिरवा दिवा. तरी उठेनात.

"वही आहे का?"

वही माझ्या खणातच होती. मी अश्विनीकाकांचे पान उघडले आणि हळू आवाजात वाचू लागलो. खुकरीच्या रात्रीचा मजकूर आला. 'जास्तीच्या खाटा बारा.'

"चौदा," विक्रांतकाका म्हणाले.

"त्यांनी बारा सांगितल्या होत्या, काका."

"मले चौदा सांगितल्या होत्या. रात्री सांगितल्या होत्या. तुझ्यापुढं कमी सांगितल्या असन."

बँकेत आकडा खोडून त्यावर आकडा गिरवता येत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, वर नवा लिहायचा आणि बाजूला सही करायची. जुना आकडाही वाचता आला पाहिजे. मी तसेच केले. बारावर रेघ, वर चौदा. मी सही केली आणि काकांनीही केली. बी. कॉम.ला घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवतात. एका पद्धतीत दर वर्षी सारखी रक्कम वजा होते आणि ठरल्या वर्षी वस्तूची किंमत शून्य होते. दुसरीत उरलेल्यावर टक्का लावतात. त्यात किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. परीक्षेत मी या दोहोंची उत्तरे एकमेकांत मिसळली होती. आता मिसळणार नाही.

पान संपले होते. काकांनी मफलर गुंडाळला. मी पानाच्या तळाशी, सवयीप्रमाणे, 'पुढील पानावर' असे लिहिले आणि विचारले, "रविवारी येता ना?"

"हयात असलो तर येतो," काका म्हणाले. "नाही तर तू ये."